पत्रकातला अनवाणी पर्यटक

आमच्या संस्थेचा इतिहास छापून निघाला. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा, हातात धरून वाचायला घेतला तर मनगट दुखतं. देशभर पर्यटनाचा प्रचार करणारी ही संस्था कशी सुरू झाली, कुठल्या कुठल्या परदेशी शहरांत तिच्या कचेऱ्या निघाल्या, तिच्या भित्तिपत्रकांना कुठं बक्षिसं मिळाली, सगळं त्यात आहे. बीदरच्या माहिती केंद्राचं प्रकरण मी लिहून दिलं होतं, कारण तिथल्या काउंटरवर सगळ्यात जास्त वर्षं मीच बसले. ते प्रकरण छापलंय, पण मधली चार पानं गाळून. राग आला नाही असं म्हणणार नाही. चांगला दोन दिवस टिकला. त्या चार पानांत जे होतं ते आता इथं लिहिते, कचेरीच्या भाषेत न लिहिता माझ्या भाषेत.

मी मूळची कोहिनूरची, बसवकल्याण तालुक्यातली. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजारी दखनी, शाळेत हिंदी. मुलाखतीला समोर बसलेल्यांनी वेगवेगळ्या भाषांतून प्रश्न विचारले आणि मी ज्याचं त्याला त्याच्या भाषेत उत्तर दिलं. त्यांना याचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडं पानपट्टीवालासुद्धा एवढं करतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मीही सांगितलं नाही. नोकरी लागली.

केंद्र म्हणजे बसस्टँडजवळची एक खोली. एक काउंटर, एक लोखंडी रॅक, भिंतीवर देशाचा मोठा नकाशा. त्या नकाशात बीदरच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी पेनानं एक ठिपका दिला. दिल्लीहून पार्सलं यायची. त्यात हाऊसबोटी, वाळवंटातले उंट, नारळाची झाडं, बर्फ. आमच्या किल्ल्याचा एक फोटो नाही. आणि खिडकीशी येणारा माणूस विचारायचा, "उदगीरची गाडी कवा हाय?" किंवा "कमलनगरच्या जीपा कुठून लागतेत?" मला सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ झाल्या. बर्फाबद्दल कुणी विचारलं नाही.

पत्रकं मात्र खपायची. पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घालायला न्यायची लोकं. मादन हिप्परग्याला एका लग्नाला गेले, तर घरातली अख्खी भिंत आमच्या समुद्रकिनाऱ्यांनी मढवलेली. घरातल्या बाई म्हणाल्या, "लई ग्वाड कागद असतोय तुमचा. भिताडाला वल लागू देत न्हाई." मुख्य कचेरीकडून दर महिन्याला विचारणा यायची की पत्रकांचा परिणाम काय. मी लिहायची, प्रतिसाद उत्तम. ते काही खोटं नव्हतं.

केंद्र उघडायला, झाडायला, पार्सलं सोडायला एक रोजंदारीचे माणूस होते. माझ्या आधी काही महिने लागलेले. कमलनगरकडच्या एका खेड्यातलं बौद्ध कुटुंब, थोडी शेती, दोन भाऊ. ते बीदरला खोली करून राहायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही मामाच म्हणायला लागले. ते मला अक्का म्हणायचे, वयानं मोठे असून. माणूस कमी बोलणारा. लहानपणी विहिरीत पडून डावा हात मोडला होता आणि हाडवैद्यानं तो तसाच वाकडा बसवला होता, म्हणून उभे राहिले की उजव्या हातानं पाठीमागं डावं कोपर धरून उभे राहायचे.

मग एकदा मुख्य कचेरीला आमची आठवण झाली. बीदरचं स्वतंत्र पत्रक काढायचं ठरलं आणि फोटोग्राफर आला. त्याला घेऊन आम्ही अष्टूरला गेलो, गावाबाहेरच्या सुलतानांच्या कबरींवरच्या घुमटांपाशी. त्यातल्या मोठ्या कबरीला आमच्याकडं हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं मानतात. एक पीर म्हणतो, एक देव म्हणतो, नारळ दोघांचाही असतो. दिवस उन्हाचा, आसपास शेळ्या सोडल्या तर कुणी नाही. फोटोग्राफर म्हणाला, माणूस उभा केल्याशिवाय घुमटाची उंची कळणार नाही, एक पर्यटक पाहिजे. पर्यटक कुठून आणायचा? त्यानं मामांकडं पाहिलं. स्वतःची हॅट त्यांच्या डोक्यावर ठेवली, रिकामी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवली आणि सांगितलं, पाठ करून उभे राहा, चेहरा नको.

मामा गेले, दाराच्या अलीकडं थांबले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि उभे राहिले. फोटोग्राफर ओरडला की पर्यटक अनवाणी फिरत नाही, चपला घाला. मामा तिथूनच मला म्हणाले, "अक्का, तेन्ला सांगा. ह्या दारात कुणीबी चपला घालून जात न्हाई. मग मी कामून जाऊ?"

मला ऊन लागत होतं. मी म्हटलं, "मामा, फोटोपुरत्या घाला की. कोण बघायलंय?"

"मी बघायलोय की," ते म्हणाले.

फोटो तसाच निघाला. मोठा घुमट, त्याच्या पायाशी हॅट घातलेला एक माणूस, पाठमोरा, पाठीमागं कोपर धरलेलं, पाय उघडे. आणि कोपऱ्यात, कुणाच्या लक्षात न आलेल्या, चामड्याच्या दोन चपला.

येताना गाडीत मी फणकारले की एवढा काय हट्ट. मामा पायातल्या चपलांकडं बघत होते. मग म्हणाले, "माझ्या बापाला गावात वरल्या गल्लीतनं जाताना चपला काखंत माराव्या लागायच्या. ते मी बघितलंय. तवा मी ठरीवलं, कुठं काढायच्या ते माझं मी बघीन. पीराच्या दारात काढीन, विहारात काढीन, शाळंत काढीन. सायबाच्या दारात न्हाई काढणार." कोहिनूरमध्ये आमचं घर वरल्या गल्लीतच आहे. मी खिडकीबाहेर बघत बसले. लाज वाटली होती, ती आजही आठवली की वाटते.

पत्रकासाठी फोटोखालची ओळ मला लिहायला सांगितली. चारही भाषा येतात म्हणून. मी लिहिलं: अष्टूरची शोभा न्याहाळणारा एक पर्यटक. वाक्य मला फार आवडलं होतं.

त्यानंतर संस्थेचा इतिहास पत्रकावरच कळत गेला. पहिलं दोनरंगी होतं, मग चाररंगी झालं. चिन्ह बदललं, घोषवाक्य बदललं, कागद गुळगुळीत झाला. दर काही वर्षांनी नवा साहेब यायचा, जुनी पत्रकं जुनाट ठरवायचा आणि नवा फोटोग्राफर पाठवायचा. प्रत्येक फोटोग्राफरला पर्यटक लागायचा. आणि प्रत्येक वेळी मामा. किल्ल्याच्या दरवाज्यात चपला घालून, तिथं काढायचं कारण नव्हतं. पण जुन्या मदरशाच्या रंगीत फरशांसमोर परत अनवाणी. मी विचारलं तर म्हणाले, "हितं लोकं शिकायला यायची म्हणं. शाळंच्या भाईर चपला काढायच्या असतेत." हॅट जाऊन टोपी आली, बॅग जाऊन पाठीवरची सॅक आली, एकदा तर एका बाईची रंगीत छत्री लटकवली खांद्याला. पाठ हळूहळू रुंद झाली, मग केस पांढरे झाले, मग खांदे उतरले. खालची ओळ मी लिहीत राहिले. एक पर्यटक. एक हौशी प्रवासी. इतिहासात रमलेला अभ्यासक. मला गंमत वाटायची. मामांना मी वाचून दाखवायची, तेही हसायचे आणि म्हणायचे, "अभ्यासकाला च्या सांगू का, अक्का?"

मग केंद्र बसस्टँडवरून हललं, किल्ल्याजवळच्या इमारतीत आलं. कॉम्प्युटर आला, संकेतस्थळ आलं, पार्सलं कमी झाली. हलवाहलवीच्या वेळची माझी एक चूक आहे, ती सांगितली पाहिजे. नव्या जागेत रॅक एकच होता. वरचा कोरडा खण मी पत्रकांना दिला, कारण पत्रकं मुख्य कचेरीची, तपासणीला कुणीही येऊन मागेल. रोजंदारीच्या हजेरीची मस्टरं कापडात बांधून खाली लादीवर ठेवली. म्हटलं नंतर लावू. नंतर म्हणजे चार पावसाळे. गाठोडं सोडलं तेव्हा आत वाळवीची माती होती. मी ती झाडून टाकली आणि कुणाला सांगितलं नाही. जुनी मस्टरं कोण मागणार, असं मला वाटलं.

मागितली. एके दिवशी परिपत्रक आलं की केंद्र बसस्टँडवर होतं तेव्हापासून सलग काम करणाऱ्या रोजंदारीच्या माणसांना कायम करायचं, पुरावा मात्र कागदाचा हवा. पुरावा नसेल तर त्यांचं काम थांबवून ते ठेकेदाराकडं द्यायचं. मामांचं निवृत्तीचं वय दोन वर्षांवर आलं होतं. कायम झाले तर म्हातारपणाला आधार, नाही तर इतक्या वर्षांनी हात हलवत कमलनगरची जीप धरायची. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "मस्टर हाय न्हवं तुमच्याकडं?"

मी खरं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मग आता वं?"

रात्रभर नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी डोकं धरून बसले होते. मग नजर वर गेली, त्या कोरड्या खणाकडं. पत्रकं होती. बसस्टँडच्या काळापासूनची एकेक प्रत, कडक, स्वच्छ, मागच्या बाजूला छपाईचं साल असलेली. मी ती क्रमानं टेबलावर मांडली. सात पत्रकं, सात पाठी, सगळीकडं उजव्या हातानं धरलेलं वाकडं कोपर. आणि त्यातल्या पाचांत उघडे पाय. मी मामांना हाक मारली. त्यांनी एकेक पत्रक उचलून पाहिलं. म्हणाले, "हे तर मीच हाय सगळीकडं." जसं काही त्यांना आत्ताच कळलं.

मामांच्या अर्जाची सुनावणी विभागीय कचेरीत होती, पाटीवर कलबुर्गी लिहिलेल्या आणि आमच्या तोंडात गुलबर्गाच राहिलेल्या गावात. आम्ही सकाळच्या गाडीनं हुमनाबादवरून गेलो. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि नव्या चपला. साहेबांच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला होता: पादत्राणे बाहेर काढावीत. आत गालिचा घातला होता, एवढंच कारण. शिपाई बोटानं कागद दाखवत उभा.

मी माझ्या चपला काढल्या आणि मामांकडं पाहिलं. ते कागद वाचत होते, कन्नड त्यांना चांगलं वाचता येतं.

"मामा," मी हळूच म्हटलं, "आजच्या दिवस. पाया पडते तुमच्या."

"तुमी जावा, अक्का. मी भाईरच थांबतो."

"अहो, तुमचं काम आहे! माझं नाही!"

"ते मला ठावं हाय."

एवढा संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल. पंधरा पावलांवर त्या माणसाचं म्हातारपण बसलेलं आणि हा दाराशी खांब होऊन उभा. मी पत्रकांचं पाकीट छातीशी धरून एकटीच आत गेले.

साहेब तरुण होते, कन्नड बोलणारे, वागायला चांगले. मी सात पत्रकं मांडली, सगळी हकीकत सांगितली. त्यांनी लक्ष देऊन पाहिली. मग एका पत्रकावर बोट ठेवून खालची ओळ वाचली. दुसऱ्याची वाचली. तिसऱ्याची. मान वर करून विचारलं, "हे तर पर्यटक आहेत. आपल्याच संस्थेनं छापलंय. या ओळी कुणी लिहिल्या?"

माझ्याही निवृत्तीला फार वर्षं राहिली नव्हती.

"मी," मी म्हटलं.

"म्हणजे एक तर तेव्हा खोटं लिहिलंत, नाही तर आता खोटं सांगताय."

"तेव्हा लिहिलं, साहेब. सातही वेळा. बीदरला त्या दिवशी पर्यटक नव्हता. कधीच नव्हता. हे आमचे मामा आहेत."

"लिहून द्याल?"

दिलं. त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच कागदावर. मस्टरं माझ्या निष्काळजीपणानं वाळवीनं खाल्ली हेही लिहिलं, विचारलं नसताना. अक्षर शाळेतल्या पोरासारखं आलं. साहेबांनी कागद वाचला, पत्रकं उचलली आणि म्हणाले, "ते कुठं आहेत?"

"बाहेर. चपला काढत नाहीत म्हणून."

साहेबांनी शिपायाकडं पाहिलं, मग पत्रकातल्या उघड्या पायांकडं. उठून दारापर्यंत आले. मामा तिथंच होते. साहेबांनी त्यांच्या पायांकडं पाहिलं आणि कन्नडमध्ये विचारलं, फोटोत तर तुम्ही अनवाणी आहात, इथं का नाही? मामांनी कन्नडमध्येच उत्तर दिलं, सरळ, आवाज न चढवता: तिथं मी काढल्या होत्या, इथं काढायला लावतात.

साहेबांनी हातातली पत्रकं चाळली. मग म्हणाले, जरा पाठ करून उभे राहता?

मामा वळले. उजवा हात आपोआप मागं गेला आणि त्यानं डावं कोपर धरलं. कचेरीच्या व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, साहेब एकेक पत्रक त्यांच्या पाठीशेजारी धरून बघत होते. पहिलं, दुसरं, पाचवं. शिपाईही मान लांब करून बघत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीचा पुरावा म्हणून त्या माणसाला परत पाठच दाखवावी लागली, आणि ती वेळ मी आणली होती. मला रडू आलं. मी चपला शोधायच्या निमित्तानं खाली वाकले.

परतीच्या गाडीत मामांनी हुमनाबादला भजी घेतली, अर्धी मला दिली. मी म्हटलं, "काढल्या असत्या तर काय झालं असतं?" ते म्हणाले, "काय झालं नसतं. म्हणूनच न्हाई काढल्या." मला ते पटलं नाही तेव्हा. भजी मात्र खाल्ली.

मला लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात तिची नोंद आहे. पत्रकांच्या पुढच्या छपाईत फोटोखालच्या ओळी काढून टाकल्या, फोटो तेच ठेवले. संकेतस्थळावर आजही अष्टूरचं पान उघडलं की तो घुमट आणि ती पाठ येते. इतिहासाच्या जाड पुस्तकातही तो फोटो आहे, पानभर. खाली काहीच लिहिलेलं नाही. मी लिहिलेली चार पानं तिथंच यायची होती.

मामांचा आदेश सुमारे सहा महिन्यांनी आला. कायम. मी तो त्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि नेहमीसारखं झाडायला गेले. ओळखपत्रासाठी फोटो पाठवायचा होता, म्हणून दुपारी मी त्यांना किल्ल्याच्या रस्त्यावरच्या स्टुडिओत घेऊन गेले. निळा पडदा, एक स्टूल, दोन छत्र्यांचे दिवे. मी मामांना तेच इस्त्रीचं पांढरं घालून यायला सांगितलं होतं. केसांना तेल लावून भांग पाडला होता. चपला पायात होत्या.

स्टुडिओवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, रेडी. मामा पडद्यापुढं उभे राहिले, कोपर धरलं, आणि माझ्याकडं बघून विचारलं, "अक्का, तोंड कुनीकडं करू?"